लहान मुलांच्या डोळ्यांची तपासणी आणि पहिला चष्मा : पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

गेली पंधरा वर्षं मी लहान मुलांच्या डोळ्यांचे नंबर काढते आहे. पालक जे प्रश्न दारातून आत येता येता, थेंब टाकून बाकावर बसल्यावर किंवा निघताना चपला घालत विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. डॉक्टर तुमच्या मुलाला समोर बसवून जे सांगतील ते यापेक्षा मोठं, हे धरूनच वाचा.

आमची मुलगी काहीच तक्रार करत नाही. मग तपासायचं कशाला?

तक्रार करायला आधी फरक कळावा लागतो. जन्मापासून धूसरच दिसत आलं असेल तर मुलाच्या लेखी जग तसंच असतं. त्यातून एक डोळा चांगला आणि दुसरा कमजोर असेल, तर मूल चांगल्या डोळ्यावर सगळं निभावून नेतं. पळतं, मणी ओवतं, टीव्ही बघतं, कुणाला पत्ता लागत नाही.

माझ्या धाकट्या भावाचं असंच झालं. तो अकरा वर्षांचा होता. जत्रेत छऱ्याच्या बंदुकीनं फुगे फोडायला उभा राहिला, सगळे करतात तसा डावा डोळा मिटला आणि वडिलांकडे वळून म्हणाला, "फुगे दिसतच नाहीत." उजव्या डोळ्याला मोठा प्लस नंबर होता, म्हणजे नीट बघायला, त्यातही जवळचं, डोळ्याला सतत जोर लावावा लागतो असा. त्याला चष्मा लागला, पण तो डोळा आजही तक्त्यावरच्या वरच्या दोन ओळींपुढे जात नाही. त्याला कधी तपासायलाच नेलं नव्हतं, कारण तो कधी काही बोलला नव्हता. म्हणून मी प्रत्येक आईवडिलांना कळवळून सांगते, तक्रारीची वाट बघू नका.

मग पहिली तपासणी कितव्या वर्षी?

बाळ जन्मल्यावर बालरोगतज्ज्ञ टॉर्चसारख्या उपकरणानं बाहुलीतली लाल चमक बघतात, ती पहिली. सहा महिने ते एक वर्षाच्या दरम्यान नजर कशी स्थिर होते, तिरळेपणा आहे का, हे बघून घ्यावं. तिसऱ्या वर्षी नीट तपासणी आणि पहिलीत जाण्याआधी आणखी एकदा. घरात कुणाला लहानपणी मोठा नंबर, तिरळेपणा किंवा आळशी डोळा (मेंदूनं ज्याचं ऐकणं सोडलं आहे असा) असेल तर तीन वर्षं पूर्ण होईपर्यंतही थांबू नका.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांची गोष्ट वेगळी. २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायलाच हवा. "बाळ जरा धरू दे, मग नेऊ" असं यात चालत नाही. पडद्याचा आजार गाठायला दिवस मोजकेच असतात.

घरी काय दिसलं तर शंका घ्यावी?

टीव्हीला जाऊन चिकटणं, पुस्तक नाकाशी धरणं, लांबचं बघताना डोळे बारीक करणं, मान सतत एकाच बाजूला कलती ठेवणं, उन्हात एकच डोळा मिटणं, सारखे डोळे चोळणं. एक सोपी गोष्ट घरीच करून बघा. मूल आवडीचं काही बघत असताना खेळात त्याचा एक डोळा तळव्यानं झाका, मग दुसरा. एका बाजूला ते शांत बसलं आणि दुसऱ्या बाजूला हात ढकलून रडायला लागलं, तर उघड्या राहिलेल्या डोळ्याला कमी दिसत असण्याची शक्यता आहे.

तान्ह्या बाळाचं नाक चपटं असतं, त्यामुळे डोळे सरळ असूनही तिरळे वाटतात. हा भास पुष्कळदा असतो, पण भास आहे की खरा तिरळेपणा, हे तपासणाऱ्यानं ठरवावं. तिरळं मूल नशीबवान म्हणून ते तसंच ठेवणारी घरं मी आजही बघते. त्या मुलाचा वळलेला डोळा रोज थोडा थोडा बघायचं विसरत असतो.

आणि एका बाबतीत त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत एका बाहुलीत लालऐवजी पांढरी चमक दिसली, किंवा बाहुली नुसतीच पांढुरकी दिसली, तर त्यामागे मोतीबिंदू असू शकतो किंवा पडद्यावरची गाठ. अशी गाठ लवकर सापडली तर मूल वाचतं, पुष्कळदा डोळाही वाचतो.

त्याला अजून अक्षरओळख नाही. नंबर कसा काढणार?

मुलाला काहीही सांगावं लागत नाही. अंधाऱ्या खोलीत आम्ही एका छोट्या उपकरणानं डोळ्यात प्रकाशाची पट्टी टाकतो, ती हलवतो आणि परत येणारी चमक कशी सरकते ते बघतो. समोर वेगवेगळी भिंगं धरत गेलं की एका भिंगाला ती चमक सरकायची थांबते. तिथून नंबर कळतो. सहा महिन्यांच्या बाळाचाही निघतो.

किती दिसतं, ते तपासायला चित्रांचा तक्ता असतो. सफरचंद, घर, गोल आणि चौकोन अशी चारच चित्रं. फिनलंडच्या बालनेत्रतज्ज्ञ लेआ ह्युवॅरिनेन यांनी १९७६ मध्ये ती तयार केली. या चित्रांची खुबी अशी की दिसेनासं झालं की चारही सारखीच गोल वाटू लागतात, त्यामुळे अंदाजानं उत्तर देता येत नाही. आपल्याकडची बरीच मुलं सफरचंदाला "बदाम" म्हणतात, पत्त्यातला. म्हणू द्या. शेवटपर्यंत बदामच म्हटलं तरी आमचं काम होतं. जवळ बसलेल्या आईनं "अगं, ॲपल आहे ते!" म्हणून दुरुस्त केलं की मूल गप्प होतं, आणि मग त्याला दिसत नाही की ते बिचकलं आहे, हे कळेनासं होतं.

कागदावर ६/१२ लिहिलं आहे. म्हणजे डोळा निम्मा गेला?

अजिबात नाही. चांगल्या नजरेला जे १२ मीटरवरून वाचता येतं, ते वाचायला या डोळ्याला ६ मीटरवर यावं लागतं, एवढाच त्याचा अर्थ. तीन वर्षांच्या मुलाकडून ६/६ ची अपेक्षाही नसते. आम्ही जास्त लक्ष देतो ते दोन डोळ्यांतल्या फरकाकडे.

घरून काय तयारी करून आणू?

याचं उत्तर मला सगळ्यात लांब द्यावंसं वाटतं, कारण तयारीनं आलेलं मूल आणि "चल, बाहेर जाऊन येऊ" सांगून आणलेलं मूल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पहिलं म्हणजे खरं सांगा. आदल्या दिवशी, साध्या शब्दांत: "उद्या डोळे बघायला जायचंय. तिथल्या ताई चित्रं दाखवतील, टॉर्च दाखवतील. मग डोळ्यात थेंब टाकतील, ते थोडे झोंबतात. मी तुझ्याजवळच असेन." मूल जेवत नसलं की "डॉक्टरकडे नेऊन सुई टोचीन" असं ज्या घरात म्हणतात, त्या घरातलं मूल माझ्या खोलीचं दार बघूनच किंचाळतं. आणि "थेंबांनी काहीही होत नाही" असं सांगितलं तर पहिला थेंब झोंबल्यावर तुमच्यावरचा विश्वास जातो. दुसऱ्या डोळ्याला मग तिघांनी धरावं लागतं.

दुसरं, तीन खेळ. चार दिवस आधीपासून, रोज पाच मिनिटं पुरे.

टॉर्चचा खेळ: संध्याकाळी दिवा घालवून भिंतीवर टॉर्चचा गोल फिरवा, त्याला नजरेनं पकडू द्या. अंधारी खोली आणि उजेडाचा ठिपका ओळखीचे होतात. टॉर्च डोळ्यावर मात्र मारू नका.

समुद्री चाच्याचा खेळ: एक डोळा झाकून समोरच्या माणसानं किती बोटं दाखवली ते सांगायचं. झाकायला त्याचाच हात दिला तर ते बोटांच्या फटीतून बघणार, सगळीच बघतात. रुमालाची घडी वापरा. आधी बाबांचा डोळा झाका, मग बाहुलीचा, मग त्याचा.

तीन बोटांचा खेळ: चार वर्षांच्या पुढच्या मुलांना इंग्रजी ई चा तक्ता दाखवतात. ई चे तीन दात कुठल्या दिशेला आहेत, ते आपल्या तीन बोटांनी दाखवायचं. वर, खाली, या बाजूला, त्या बाजूला. डावं-उजवं येत नसलं तरी अडत नाही. पुठ्ठ्याचा ई कापून भिंतीशी धरा आणि मुलाला तसाच पंजा वळवायला सांगा.

तक्ता पाठ करून मात्र आणू नका. हे लोक करतात. मुलगा हुशार दिसावा म्हणून दवाखान्यातल्या तक्त्याचा फोटो काढून घरी ओळी घोकून घेतलेल्या मी पाहिल्या आहेत. ही परीक्षा नाही हे मुलाला सांगा, आणि मुख्य म्हणजे स्वतःला सांगा. "बरोबर सांग हं" हे वाक्य त्या दिवशी घरी ठेवून या.

जायच्या दिवशी?

झोप झालेली आणि पोट भरलेलं. सकाळची वेळ मागून घ्या. तपासणीला दोन-तीन तास जातात, म्हणून डबा, पाणी, आवडतं खेळणं, आणि परत जाताना उन्हासाठी टोपी. आधीचे कागद आणि चष्मा असेल तर तोही. फिट येण्याचा त्रास, हृदयाचा आजार, डाउन सिंड्रोम किंवा कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर थेंब टाकायच्या आधी सांगा, विचारलं नाही तरी सांगा.

बाहुली मोठी करायचे थेंब टाकल्याशिवाय नंबर काढता येणार नाही का?

लहान मुलाचा खरा नंबर काढता येणार नाही. मुलांच्या डोळ्यातले जवळचं बघायचे स्नायू फार ताकदवान असतात. आतल्या आत जोर लावून ते मोठा प्लस नंबर लपवतात. थेंब न टाकता मशीनवर, त्या फुग्याच्या चित्राच्या मशीनवर, बसवलं तर कधी कधी नसलेला मायनस नंबर, म्हणजे लांबचं धूसर दिसणाऱ्याचा नंबर, निघतो. तो चष्मा करून दिला तर मुलाचं डोकं दुखतं आणि आईवडील म्हणतात, चष्मा मानवला नाही. थेंबांनी ते स्नायू तात्पुरते सैल पडतात आणि खरा आकडा समोर येतो.

थेंब बरेच प्रकारचे आहेत. सायक्लोपेन्टोलेटचा परिणाम साधारण दिवसभर राहतो, होमॅट्रोपिनचा एक ते तीन दिवस. अगदी लहान किंवा तिरळेपणा असलेल्या मुलांना बरेच डॉक्टर ॲट्रोपिनचं मलम देतात. ते तपासणीच्या आधी तीनेक दिवस घरी लावायचं असतं आणि त्याचा परिणाम आठवडा-दोन आठवडे टिकतो. तोवर बाहुल्या मोठ्या दिसतात, ऊन सहन होत नाही, जवळचं अंधुक दिसतं. शाळेत बाईंना चिठ्ठी द्या, म्हणजे मूल लिहीत नाही म्हणून ओरडा बसणार नाही.

मलम तांदळाच्या दाण्याएवढंच, सांगितलं तितक्याच वेळा. लावल्यावर नाकाकडचा डोळ्याचा कोपरा बोटानं मिनिटभर हलका दाबून धरा, म्हणजे औषध नाकातून घशात उतरत नाही. ओघळ पुसा, मुलाचे आणि स्वतःचे हात धुवा. चेहरा लाल झाला, अंग तापलं, तोंड कोरडं पडलं, मूल बरळल्यासारखं करू लागलं, तर मलम पुन्हा लावू नका आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. ट्यूब फडताळात उंचावर ठेवा. पोटात गेलं तर ते विष आहे.

थेंब टाकताना डोळाच उघडत नाही.

उघडायला लावू नका. उताणं झोपवा, डोळे मिटू द्या, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडा आणि दहा आकडे मोजा. मग "आता छतावरचा पंखा बघ" म्हणा. डोळा उघडला की थेंब आपोआप आत जातो. झोंबणं अर्ध्या मिनिटात संपतं.

एवढ्या लहान वयात चष्मा? तो लावला की नंबर वाढतो म्हणतात.

चष्मा लावल्यानं नंबर वाढत नाही. मायनस नंबर वाढतो तो डोळ्याचा गोळा लांब होत जातो म्हणून. उंची वाढते तेव्हा तोही वाढतो, चष्मा असो वा नसो. लहानपणचा प्लस नंबर उलट वयाबरोबर पुष्कळदा कमी होतो.

न लावल्यानं मात्र नुकसान होतं. बघायला डोळा लागतो, पण दिसलेलं उलगडायला मेंदू शिकतो, आणि हे शिकणं मुख्यतः सात-आठ वर्षांपर्यंत चालतं. त्या काळात एखाद्या डोळ्याकडून धूसर चित्रच येत राहिलं तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकणं सोडून देतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. नंतर कितीही भारी चष्मा केला तरी तो डोळा पूर्ण सुधारणं कठीण होऊन बसतं. या वयातला चष्मा औषधासारखा आहे, आणि त्याचा डोस म्हणजे उठल्यापासून झोपेपर्यंत.

गाजर, पालक, पपई मुलांना जरूर द्या. जीवनसत्त्व अ कमी पडलं तर डोळ्यांचं नुकसान होतंच. पण चष्म्याचा नंबर खाण्यानं जात नाही, डोळे गोल फिरवायच्या व्यायामानंही जात नाही. आणि लेझरचं ऑपरेशन अठरा वर्षांच्या आत करत नाहीत.

"मुलगी आहे, पुढे लग्नाचं कसं?" हा प्रश्न मला चार वर्षांच्या मुलीच्या देखत विचारला जातो. ती ऐकत असते. कृपा करून तिच्यासमोर हे बोलू नका.

चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली आहे. उलटं नाही का झालं?

चांगला डोळा झाकला की मेंदूला दुसऱ्याकडून काम करून घ्यावं लागतं. दिवसभर लावायची गरज बहुतेकांना नसते. मध्यम आळशी डोळ्यासाठी रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी पडते, असं अमेरिकेतल्या २००३ सालच्या अभ्यासात दिसलं आहे. डोळा जास्तच कमजोर असेल तर तास वाढतात. पट्टी चष्म्याच्या काचेवर न लावता कातडीवर लावा, नाहीतर मूल बाजूनं बघतं. त्या दोन तासांत चित्र रंगवणं, मेथी किंवा मटार निवडायला बसवणं, असं बारीक नजरेचं काम द्या. पहिले आठ दिवस फार रडारड होते, कारण त्याला खरंच कमी दिसत असतं. ओरडू नका, जवळ बसा.

फ्रेम कशी निवडायची?

वाढत्या अंगाचे कपडे घ्यायची आपल्याला सवय आहे. फ्रेम तशी घेऊ नका. मोठी फ्रेम नाकावरून घसरते, मूल काचेच्या वरून बघतं आणि चष्मा असून नसल्यासारखा होतो. बाहुली काचेच्या मधोमध यायला हवी, पापण्या काचेला लागू नयेत, फ्रेम गालावर टेकू नये. नाकावर मऊ सिलिकॉनची गादी, कानामागे वळणारी दांडी किंवा मागून लवचीक पट्टा. काचा पॉलिकार्बोनेटच्या मागा. चेंडू लागला तरी सहजी फुटत नाहीत.

जी दोन-तीन मापं बसतात ती आधी तुम्ही निवडा, मग त्यांतला रंग मुलाला निवडू द्या. त्यानं भडक जांभळा घेतला तर जांभळा. चष्मा त्याचा आहे.

घातलाच तर ना! दोन मिनिटांत काढून फेकतो.

आधी माप बघा. कानामागे किंवा नाकावर लाल वळ असतील तर चष्मेवाल्याकडून दांड्या वाकवून घ्या, फुकट करून देतात. मग आवडीच्या कामाशी सांगड घाला: गोष्टीच्या वेळी चष्मा, जेवताना चष्मा. काढला तर न रागावता पुन्हा घाला, पुन्हा काढला तर थोड्या वेळानं पुन्हा. पहिल्या दिवसापासून दिवसभर घातला तर उत्तम, पण बहुतेक मुलांना एक-दोन आठवडे लागतात. नोटेवरचे गांधीजी, भिंतीवरच्या तसबिरीतले बाबासाहेब, शेजारचे आजोबा, कुणाकुणाला चष्मा आहे ते दोघं मिळून शोधा.

मायनस नंबरच्या मुलांना फरक लगेच कळतो. पाच वर्षांचा एक मुलगा चष्मा घालून बाकावर बसला, बराच वेळ वर बघत राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "पंख्यावर किती घाण आहे!" आई लाजली, मला मात्र भरून आलं. प्लस नंबरच्या मुलांचं असं होत नाही. ती उलट म्हणतात, चष्म्यातून अंधुक दिसतं. त्यांचे स्नायू अजून जुन्या सवयीनं जोर लावत असतात, ते सैल पडायला काही आठवडे जातात. तीन-चार आठवडे नेमानं घालूनही हीच तक्रार राहिली तर चष्मा घेऊन परत या. काचा नीट बनल्या आहेत का तेही बघू.

चष्मा काढला की डोळा आधीपेक्षा जास्त तिरळा दिसतो. चष्म्यानं बिघडवला का?

हा फोन मला दर महिन्याला येतो. प्लस नंबरमुळे डोळा आत वळत असेल तर चष्म्यानं तो सरळ राहतो, आणि काढल्यावर पुन्हा वळतो. आता सरळ डोळा बघायची तुम्हाला सवय झाली म्हणून वळलेला जास्त खुपतो. चष्मा आपलं काम करतो आहे, काढू नका.

शाळेत "ढापण्या", "बॅटरी" म्हणून चिडवतात.

पहिल्या दिवशी स्वतः शाळेत जा. बाईंना भेटून चष्मा पूर्ण वेळ ठेवायचा आहे हे सांगा, आणि वर्गाला एका वाक्यात ओळख करून द्यायची विनंती करा. शिक्षकांनी सगळ्यांसमोर "छान दिसतो गं तुला" म्हटलं की निम्मं काम होतं. घरी लाडानंसुद्धा ही नावं घेऊ नका.

आजी काजळ घालतात, मधाचं बोट लावतात.

आजींचा मान राखून सांगा, पण थांबवा. काजळात शिसं असू शकतं, आणि बोटानं जंतू जातात. मध, गुलाबपाणी, एरंडेल, आईचं दूध, यांतलं काहीच डोळ्यात घालू नये. दृष्टच काढायची तर तीट कानामागे किंवा तळपायाला लावा.

मोबाईलमुळे नंबर लागला का?

एकट्या मोबाईलवर खापर फोडता येत नाही, पण सतत जवळचं बघणं आणि घरात कोंडून राहणं यांनी मायनस नंबरची शक्यता वाढते. रोज दोन तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळणारी मुलं त्यापासून बरीच वाचतात. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराच्या आत.

खर्च झेपणार नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक मुलांची तपासणी करायला अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि चिठ्ठी मिळाली तर ती दप्तरात विसरू नका. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी असतात. शाळकरी मुलांना मोफत चष्मा द्यायची सरकारी योजनाही आहे, त्यांच्याकडे विचारा.

काचा कशानं पुसायच्या? आणि पुन्हा कधी दाखवायचं?

साध्या पाण्यानं आणि साबणाच्या थेंबानं धुवून मऊ कापडानं टिपा. पदरानं किंवा शर्टानं पुसलं की धुळीचे ओरखडे पडतात. काढताना दोन्ही हातांनी, ठेवताना काचा वर, आणि झोपताना डबीत.

पहिल्या चष्म्यानंतर साधारण तीन महिन्यांनी या, पट्टी चालू असेल तर डॉक्टर सांगतील तसं त्याहून लवकर, पुढे दर सहा महिन्यांनी. येताना चष्मा मुलाच्या डोळ्यांवर असू द्या, पर्समध्ये नको. आणि मागच्या वेळी ज्या चित्राला ते बदाम म्हणालं होतं, त्याला या वेळीही बदामच म्हणू द्या.